पणजोबा मिलमध्ये लागले हे सगळ्यांना पाठ, पणजी कुठून आली?

कांडीवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळून राहिलं होतं, आज लिहूनच टाकते. आमचं घर तांडापेठेतलं, कोष्ट्यांचं. घरी कोणी पाहुणा आला की बाबा एक गोष्ट हमखास सांगतात, की १८९९-१९०० च्या दुष्काळात पणजोबांचं गावचं घर उठलं, ते पोरवयात मोठ्या भावासोबत पायी नागपूरला आले, आधी दुसऱ्याच्या मागावर बसले आणि मग एम्प्रेस मिलमध्ये लागले. मिल १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांनी सुरू केली आणि त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून तिचं नाव एम्प्रेस, हेही न चुकता येतं. पणजोबांची पाळी, पहाटेचा भोंगा, साचाखात्यातला आवाज, जॉबरशी झालेलं भांडण, हे सगळं आमच्या घरातल्या लहान पोरांना सुद्धा पाठ आहे.

आणि पणजी? "मग लग्न झालं" एवढ्या एका वाक्यात ती येते आणि पुढे गोष्ट परत पणजोबांची होते.

माझी आत्या (बाबांची मोठी बहीण, आता ऐंशीच्या पुढे) तिच्यापाशी बसून मी मागच्या महिन्यात नीट विचारलं. आत्याने तिला पाहिलेलं आहे, ती गेली तेव्हा आत्या चौदा-पंधराची होती. तिने जे सांगितलं ते ऐकून मला रात्री झोप नाही आली खरंच. मिलमध्ये बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) लागायला उमरेडकडून, भंडाऱ्याकडून पोरं यायची, एकटी, राहायला जागा नाही, जेवायचा ठिकाणा नाही. पणजी त्यांना जेवू घालायची. घरात माग होता, सकाळी गल्लीत ताणा पसरायचा, चरख्यावर कांड्या भरायच्या, त्यातून वेळ काढून ही बाई संध्याकाळी पाट्यावर मसाला वाटायला बसायची. खोबरं, खसखस, दगडफूल, धने सगळं वेगवेगळं भाजून, जवसाच्या तेलात रस्सा. लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची, प्रत्येक पोराची भिंतीवरची जागा ठरलेली, एक जेवण एक रेघ. मिलचा पगार झाला की पोरं येऊन पैसे द्यायची, ती ओल्या फडक्याने त्याच्या त्याच्या रेघा पुसायची. ज्याच्याकडे पैसे नसायचे त्याच्या रेघा तशाच राहायच्या, पण ताट बंद नाही झालं कोणाचं, असं आत्या म्हणते.

आणि ही पोरं पुढे इथेच राहिली नं. त्यांची लग्नं, त्यांच्या बायका आल्या, भाऊ आले. आमच्या गल्लीतली कितीतरी घरं पहिल्यांदा आमच्या पणजीच्या ओसरीत उतरलेली आहेत. म्हणजे पणजोबा आले ते नुसते भावासोबत, वस्ती आणली ती पणजीने. हे माझं ठाम मत झालं आहे आता.

तर प्रश्न असा, की तिचं सासरचं नाव माहीत आहे, पण लग्नात नाव बदललेलं. माहेरचं नाव, गाव, आडनाव काहीच कोणाला माहीत नाही. आजोबा गेले, त्यांची भावंडं गेली. कुठे शोधायचं? आणि तुमच्या घरात अशा बाहेरून आलेल्या पणजी-पणजोबांचं काय काय शिल्लक आहे तेही लिहा, मला वाचायला आवडेल.

महालवाला

खूप छान लिहिलं ताई. आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात आले, कारकुनी करत. घरात वंशावळ आहे, मोठ्या कागदावर झाडासारखी काढलेली, काकांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावली. तुमचं वाचून आत्ता उठून परत पाहून आलो. अख्ख्या कागदावर एकाही बाईचं नाव नाही. मुलीही नाहीत, फक्त मुलगे. इतकी वर्षं समोर होतं पण कधी लक्षातच आलं नाही.

दाखलखारीज

कांडीवाली, मी महसूल खात्यातून रिटायर झालो आहे, त्यामुळे कागदांचं थोडं सांगू शकतो.

आपल्या विदर्भात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असतात. गावचा कोतवाल नोंद करायचा, ती पुस्तकं आता तहसीलच्या किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात असतात, अर्ज करून नक्कल मिळते. गाव आणि साधारण साल माहीत पाहिजे, नाहीतर शोधणं फार कठीण, पानं जीर्ण झालेली असतात, काही मोडीत आहेत. आणि तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, जन्माच्या नोंदीत बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" असं बरेचदा असतं, बाळाचं नाव नसतं, कारण नोंद करायच्या वेळेस बारसंच झालेलं नसायचं. तेव्हा पणजीची जन्मनोंद सापडली तरी नाव सापडेलच असं नाही.

नागपूर शहरातलं वेगळं, इथे १८६४ पासून नगरपालिका आहे, महानगरपालिका १९५१ ला झाली. मृत्यूनोंद इथे शोधा, ती तुलनेने अलीकडची आहे. शाळेत गेली असती तर दाखलखारीज रजिस्टर सगळ्यात पक्कं, पण त्या काळी मुली कुठल्या शाळेत.

जमिनीच्या कागदात बाईचं नाव कधी येतं माहीत आहे का? नवरा गेल्यावर. पुरुषाच्या नावापुढे "वल्द", सवाष्णीच्या नावापुढे "जौजे" आणि विधवेच्या नावापुढे "बेवा". मी नोकरीत हजारो जुने कागद चाळले असतील, बायकांची नावं बहुतेक बेवा म्हणूनच वाचली. मालगुजारी (आपल्याकडची जमीनदारी) १९५१ ला गेली, त्यानंतर १९५४-५५ ला अधिकार अभिलेख तयार झाले, त्यात खूप जणींची नावं पहिल्यांदा कागदावर आलेली दिसतात. तुमच्या पणजीच्या माहेरी शेती असेल, भाऊ नसेल, तर तिथे चान्स आहे. भाऊ असेल तर नाही.

इंदोरा

माझे पणजोबा पण एम्प्रेसलाच होते, भंडाऱ्याकडून आलेले, महार. गावात जे भोगलं त्याच्यातून सुटायला आले. मिलमध्ये पैसा मिळाला पण तिथेही पाणी वेगळंच होतं, हे पण लिहिलं पाहिजे, नाहीतर मिलची गोष्ट नुसती चांगलीचुंगली होऊन जाते.

पणजी गवताचे भारे आणायची. पहाटे अंधारात निघायचं, कापायचं, डोक्यावर आणून टांगेवाल्यांना विकायचं. त्या पैशातून माझ्या आजोबांची पाटी-पेन्सिल आली. तिला स्वतःला सही येत नव्हती, पण आजोबांनी शाळा बुडवली तर ती त्यांना जेवायला वाढत नसे, आजोबा हे सांगताना रडायचे. ते मॅट्रिक झाले, रेल्वेत लागले, बाबा इंजिनिअर, माझी बहीण डॉक्टर.

१४ ऑक्टोबर १९५६ ला ती दीक्षेला गेली होती. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या त्या मैदानात, पांढरं लुगडं नेसून, माझ्या आजीला सोबत घेऊन. पांढरं लुगडं घरात नव्हतं, उसनं मागायला पण कोणाकडे जास्तीचं उरलं नव्हतं कारण सगळेच जाऊन राहिले होते, मग तिने जुनं धुवट लुगडं घेतलं, त्याचे रंगीत काठ उसवून काढले आणि ते नेसली. घरी आल्यावर देव्हाऱ्यातले टाक पणजोबांनी नाही, तिने स्वतः काढले. आमच्या घरात आज जे काही आहे त्याचं मूळ मी त्या दिवसात धरतो. आणि तिचं नाव आम्हाला माहीत आहे, दरवर्षी दीक्षाभूमीवर जायच्या आधी घरात घेतलं जातं.

कांडीवाली

इंदोरा, काठ उसवल्याचं वाचून अंगावर काटा आला. विणणाऱ्या घरातली आहे मी, काठ विणायला किती वेळ जातो ते पाहिलं आहे, तो उसवून काढणं म्हणजे काय ते कळतं. आणि मिलबद्दल म्हणता ते अगदी बरोबर. बाबांच्या गोष्टीत ते येत नाही, मी आता त्यांना सांगणार आहे.

दाखलखारीज काका, मनापासून आभार. गावच माहीत नाही हीच अडचण आहे.

कामठीकर

आमचं मूळ दक्षिणेतलं. १८२१ ला कामठीला छावणी झाली, मद्रासची फौज इथे असायची, तिच्यामागे आमचे लोक आले आणि इथलेच झाले. पणजोबा १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं त्या साथीचं नाव हळू आवाजात घेतात. सकाळी ठणठणीत असलेला माणूस तिसऱ्या दिवशी नाही, असं ऐकत आलो.

पणजीच्या पदरात तीन लेकरं. तिने विड्या वळल्या. तेंदूचं पान भिजवायचं, कात्रीने मापात कापायचं, तंबाखू घालून वळायचं, नखाने तोंड दाबून बंद करायचं. सुपात घेऊन दारात बसायची. माझ्या आजीला पण तेच शिकवलं, आणि आजी म्हणायची की माझ्या सासूची बोटं झोपेतही हलायची. तीनही लेकरं जगवली तिने. माझ्या आईने बँकेत नोकरी केली तेव्हा पहिल्या पगाराची साडी आजीला नाही, आधी पणजीच्या फोटोला नेऊन लावली.

धरमपेठ_विनय

थोडं कडू लिहितो, माफ करा. आपल्याला पणजोबाची आठवण व्हॅलिडिटीच्या (जात पडताळणीच्या) वेळेस येते. ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा, एससीला १९५० च्या आधीचा, मग सगळं घर जुन्या कागदांमागे धावतं. माझ्या पोरीच्या ॲडमिशनच्या वेळेस मी तेच केलं, एका ऑफिसात आमची फाईलच हरवली, परत पहिल्यापासून. त्या धावपळीत पणजोबांच्या शाळेचा दाखला हातात आला, त्याच्यावर "वर्तणूक चांगली" लिहिलेलं होतं. ते काम झालं आणि दाखला मी लॅमिनेट करून ठेवला. पण पुराव्याला पणजी लागत नाही. बापाकडचीच साखळी मागतात. म्हणून तिचा कागद कोणी शोधतच नाही, आणि जो शोधत नाही त्याला सापडत नाही.

जरीपटका_नातू

आम्ही सिंधी, पण मराठी शाळेत शिकलो म्हणून इथे लिहितो, चुकभूल सांभाळून घ्या. १९४७ ला पणजोबा-पणजी आजोबांना घेऊन आले. कागद म्हणाल तर सगळे तिकडेच राहिले, शोधायला जायची सोयच नाही. जरीपटक्यात स्थिरावायला वर्षं गेली. पणजीने पापड लाटून विकले, त्याच पैशातून पणजोबांनी कापडाची फेरी सुरू केली, आज दुकान आहे. दुकानाच्या पाटीवर पणजोबांचं नाव आहे. तुमचा धागा वाचून मी वडिलांना म्हटलं की आता पाटी नवी करायची आहे नं, मग तिचं पण नाव घालू. ते काही बोलले नाहीत पण नाही सुद्धा म्हटले नाहीत.

सांबारवडी

कांडीवाली, कागद राहू द्या बाजूला, दोन गोष्टी करा.

एक, घरातली जुनी लग्नं कशी जमली ते शोधा. स्थळ पाहताना मामेकूळ विचारतातच. तुमच्या आजोबांच्या बहिणींची लग्नं झाली असतील तेव्हा मामेकूळ सांगितलं असेलच, म्हणजे तुमच्या पणजीचं माहेरचं आडनाव. त्या बहिणींच्या सासरी कोणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, सासरचे लोक हे जास्त लक्षात ठेवतात. आपल्या घरात जे विसरलं जातं ते व्याह्याच्या घरात कोणाला तरी आठवत असतं.

दुसरं, माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढा. आहेराच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं, टिंबाटिंबांनी. गुंड, परात, घंगाळ, सगळ्यांचे काठ आणि गळे चिंचेने घासून बघा. माझ्या आजीच्या माहेरचं गाव आम्हाला असंच एका परातीवर सापडलं.

महालवाला

भांड्यांचं एकदम बरोबर. आणि त्र्यंबकेश्वरला, काशीला गेलेलं कोणी असेल तर तिथल्या उपाध्यांच्या वह्या पण असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की काढून दाखवतात, कोण कधी आलं होतं ते. पण गरीब घरची माणसं तीर्थाला कुठून जाणार हाही प्रश्न आहेच.

न्यूजर्सी_वर्धा_रोड

वाचतो आहे, पहिल्यांदाच लिहितो. मी इकडे आलो तेव्हा सगळे म्हणाले पहिल्यांदाच आपल्या घरातलं कोणी एवढं लांब गेलं. आता वाटतं की नाही, माझी पणजी उमरेडजवळच्या खेड्यातून छोट्या लाईनच्या गाडीत बसून आली तेव्हा तिला पण हे एवढंच लांब वाटलं असेल, आणि तिच्याजवळ फोन नव्हता, परत जायचं तिकीट नव्हतं, कोणी तिला विचारलंही नव्हतं जायचं का म्हणून. तेव्हा ती साधारण तेरा वर्षांची होती. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे.

इथे शाळेत मुलांना घराण्याचं झाड काढायला सांगतात. त्यात आईकडच्या फांद्या बापाकडच्या एवढ्याच मोठ्या काढायच्या असतात. मुलीने पणजीची आई कोण विचारलं, मी गप्प. आता भावाला फोन करून विचारायला लावलं आहे.

कांडीवाली

मंडळी!! सापडलं! म्हणजे सगळं नाही, पण खूप सापडलं.

काल रविवारी भावाला माळ्यावर चढवलं. दोन गुंड, एक परात, एक मोठं घंगाळ निघालं, सगळं काळं पडलेलं. आत्याला पण आणलं होतं. तिने स्वतः चिंच-मीठ घेऊन घासायला सुरुवात केली, आम्ही नको म्हटलं तरी ऐकेना. परातीवर आजोबांच्या मित्रांची नावं. एका गुंडावर काहीच नाही. दुसऱ्या गुंडाच्या गळ्याखाली अक्षरं दिसायला लागली, अर्धी झिजलेली, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरल्यावर वाचता आलं, "मामाकडून भेट मु. पवनी" आणि खाली सन १९३८.

१९३८ ला आजोबांच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालं होतं. म्हणजे मामा म्हणजे पणजीचा भाऊ! पवनीचा! आत्या एकदम म्हणाली, "हो गं, वैनगंगा वैनगंगा करायची ती, मला वाटायचं देवाचं नाव घेते." इतकी वर्षं तिच्या डोक्यात ते होतं आणि कोणी विचारलंच नव्हतं.

मग मामेकूळ. त्याच मोठ्या बहिणीच्या सासरी उमरेडला तिचे एक दीर आहेत, नव्वदीचे, ऐकू कमी येतं पण डोकं लख्ख. त्यांच्या नातवाला फोन लावला, त्याने त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, आणि त्यांनी एका दमात आडनाव सांगितलं. वर हेही सांगितलं की "त्यांच्याकडचं धोतर एवढं तलम असायचं की मुठीत मावायचं." पवनीचं विणकाम प्रसिद्धच होतं जुन्या काळी. म्हणजे पणजी माग घेऊनच आली होती हातात, पणजोबांनी तिला शिकवलं असं घरात जे धरलं जातं ते उलटं असायची शक्यता आहे. बाबांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गुंडाकडे बघत बसले आणि म्हणाले, माझ्या बापाने मला कधी सांगितलं नाही.

सांबारवडी ताई, तुमचे उपकार कसे मानू.

सांबारवडी

उपकार कसले बाई. डोळ्यात पाणी आलं वाचून. तो गुंड आता माळ्यावर टाकू नका परत.

दाखलखारीज

वा! आता गाव आहे, आडनाव आहे, साधारण साल काढता येईल. मुलगी १९३८ ला लग्नाची म्हणजे पणजीचा जन्म १९०० च्या आसपास धरा, पुढे-मागे पाच वर्षं. पवनी भंडारा जिल्ह्यात, आधी नगर परिषदेत विचारा मग तहसीलला जा. अर्जात एकच साल लिहू नका, वर्षांचा टप्पा द्या, नाहीतर नोंद आढळून येत नाही असं लिहून मोकळे होतात. तिची नाही सापडली तर तिच्या भावाची शोधा, त्याच्यावरून वडील मिळतील. आणि भावाच्या वारसांच्या जमिनीच्या फेरफारात बहिणींची नावं हक्क सोडल्याच्या नोंदीत येतात कधी कधी, तिथे माहेरचं नाव असू शकतं. हे मी विसरलोच होतो आधी सांगायला.

इंदोरा

हक्क सोडायच्या कागदावर का होईना, नाव मिळालं पाहिजे. कांडीवाली, तुमच्या गल्लीत जी घरं तिच्या ओसरीत उतरली होती त्यांच्याकडे पण जा, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. जेवलेली माणसं विसरत नाहीत. आणि भिंतीवरच्या रेघांचं लिहून ठेवा कुठेतरी नीट, तारखेसकट, आत्याबाई सांगतात त्या शब्दात. एम्प्रेस मिल तर २००२ ला बंदच झाली, तिथे आता मॉल उभा आहे, मिलच्या कोणत्याही इतिहासात या बायकांचा स्वयंपाक येणार नाही.

कांडीवाली

लिहून राहिले आहे. आत्या बोलते, मी मोबाईलवर रेकॉर्ड करते, भाची टाईप करते. मसाल्याचं प्रमाण पण विचारलं तर आत्या म्हणे खोबरं मूठभर, मग मूठ कोणाची यावरून तिचं आणि आईचं अर्धा तास चाललं.

वैनगंगेकाठी

नमस्कार, मी पवनीची, लग्न होऊन नागपूरला मानेवाड्याला असते. धागा पहिल्यापासून वाचत होते, पवनी वाचलं आणि लॉगिन केलं. आमच्याकडे विणकरांची जुनी घरं दोन-तीन भागात आहेत, माग आता फार थोडे उरले, पण माणसं आहेत. माझे मोठे काका पंच्याऐंशीचे, त्यांना कोणाची लेक नागपूरला दिली, कोणाची उमरेडला, सगळं तोंडपाठ असतं. आडनाव इथे उघड नका लिहू, मला व्यनि (खाजगी निरोप) करा, मी आजच त्यांना विचारते. आणि आत्याबाईंना घेऊन यायचं असेल तर सांगा, माझी आई आहे तिथे, उतरायची जेवायची काळजी करू नका.

कांडीवाली

व्यनि केला आहे. आत्याला तुमची पोस्ट वाचून दाखवली, ती म्हणते काकांशी तिला स्वतःलाच बोलायचं आहे. संध्याकाळी केव्हा फोन केला तर चालेल?